पाठांचे निर्लेखन
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेतील खुर्ची मोडली तर तिची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत सापडते. तिचे निर्लेखन करावयाचे तर पाहणी, ठराव व मंजुरी हे सारे सोपस्कार होतात. परंतु संकेतस्थळावर चढविलेला एखादा पाठ जुना झाला, तर तो कोणी व केव्हा काढावयाचा, याचा विचार सहसा होत नाही. पाठ प्रसिद्ध झाला की कार्य संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः पाठाची देखभाल तेथूनच सुरू व्हावयास हवी.

‘दीक्षा’ हा मंच २०१७ साली ५ सप्टेंबर रोजी सुरू झाला. तेथे रचनाकार प्रथम पाठाचा मसुदा करतो व तो परीक्षकाकडे पाठवितो. परीक्षक संमती देतो, अथवा शेरा लिहून मसुदा परत करतो. परत आलेला मसुदा पाहून रचनाकार खट्टू होतो, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पण चूक मुलांपुढे जाण्यापूर्वी सापडली, हा लाभ लहान नव्हे. संमतीनंतर पाठ सर्वांस खुला होतो. शेवटची अवस्था निवृत्तीची, आणि नेमकी हीच उपेक्षित राहते.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड व त्याखालील सहा अक्षरांकांचे चिन्ह एकदा छापले की बदलत नाही. त्यामागे जोडलेला पाठ मात्र बदलता येतो. ही सोय मोठी, तशीच जबाबदारीही मोठी. पाठ निवृत्त केला आणि त्याच्या जागी दुसरा जोडला नाही, तर चिन्ह पुस्तकात राहते आणि त्यामागे काहीच उरत नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर शेतावर असतो, तेथील मुलाला सायंकाळची अर्धी घटका मिळते. ती रिकाम्या पडद्यापुढे गेली, तर ते मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन मागेलच असे नाही. यास्तव नवा पाठ आधी जोडावा, मगच जुना निवृत्त करावा.

प्रत्येक दुरुस्तीसाठी नवा पाठ करण्याचे मात्र कारण नाही. प्रसिद्ध पाठातच सुधारणा करता येते. सुधारित मसुद्यास संमती मिळेपर्यंत जुनी प्रत वाचकांस दिसत राहते आणि पाठाचा ओळखक्रमांकही तोच राहतो. शुद्धलेखनाच्या चुकीसाठी नवा पाठ चढविला, तर एकाच धड्याच्या दोन प्रती शोधात येतात व शिक्षकच गोंधळतात.

पुस्तकच बदलले तर गोष्ट निराळी. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशा संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा किती वाद झाला हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे प्रश्न नाही. पुस्तक एक रीत दाखविते आणि पाठातील आवाज दुसरी सांगतो, अशा वेळी सात वर्षांच्या मुलाने कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न आहे. २०२५-२६ पासून इयत्ता पहिलीसाठी नवा अभ्यासक्रम आला. तेव्हा जुन्या पहिलीसाठी केलेला प्रत्येक पाठ नव्या पुस्तकाशी ताडून पाहणे ओघानेच आले.

याकरिता प्रत्येक केंद्रात एक साधी वही पुरे. पाठाचे नाव, इयत्ता, पुस्तकाची आवृत्ती, रचनाकार, प्रसिद्धीचा दिनांक आणि पुढील तपासणीचा महिना एवढे रकाने त्यात असावेत. रचनाकार शिक्षकाची बदली झाली, तर कार्यभार सोपविताना पाठांची यादीही सोपवावी. शाळेच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात. पाठ तसेच मागे राहतात.

आणखी एक अडचण पुष्कळदा ध्यानात येत नाही. फोनवर आधीच उतरवून घेतलेली प्रत मंचावरील दुरुस्तीबरोबर आपोआप पुसली जात नाही. जेथे जाळे क्षीण, तेथे अशाच प्रती अधिक वापरात असतात. जूनमध्ये नवी पुस्तके वाटली जातात त्याच आठवड्यात शाळेच्या फोनमधील जुन्या प्रती काढून नव्या उतरवून घ्याव्यात आणि पहिल्या पालकसभेस येणाऱ्या पालकांना आपापले फोन बरोबर आणावयास सांगावे.