मैत्रीने अभ्यास राखावा

(देहूरोड येथे बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



परीक्षा तोंडावर आलेली असताना मैत्री आणि मनाची ओढ यांवर बोलणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु हा विषय पुस्तक उघडे असतानाच अधिक छळतो. म्हणून तो आजच बोललेला बरा.

आपल्याकडील अनेक मुले-मुली लोणावळा-पुणे लोकलने आकुर्डी, चिंचवड, शिवाजीनगरला शिकावयास जातात. रोजची तीच गाडी आणि तेच चेहरे. कोणी कोणासाठी जागा धरतो, कोणी वही मागते आणि एखाद्या दिवशी ओळखीची ओढ होते. सतराव्या-अठराव्या वर्षी असे होणे हा अपराध नव्हे, तो वयाचा धर्म आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या दिवसाचा लगाम त्या ओढीच्या हाती द्यावयाचा काय?

मैत्री ही अभ्यासाची वैरीण आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, हे आपण जाणता. ते १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, तेव्हा तेथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र लाभला. पुढे बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेनांनी उसने दिलेले पैसेही होते. १९२३ मध्ये बाबासाहेब लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी. झाले. मित्राची अपुरी राहिलेली पदवी ज्याला स्वतःची उणीव वाटते, तो खरा मित्र. टिळक आणि आगरकर यांची मैत्रीही पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकतानाच जुळली आणि शिक्षणाच्या कार्यातच फळाला आली.

हाच निकष मनाच्या ओढीलाही लावावा. ‘परीक्षा होईपर्यंत भेटी नकोत, रात्रीचे निरोप नकोत,’ असे एकदा स्पष्ट सांगून पाहावे. जो हे समजून घेईल, त्याच्याविषयीचा आदर वाढेल. जो धमकावील किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलेल, त्याचे ओझे एकट्याने वाहू नये. आई-वडील, ताई, शिक्षक यांपैकी कोणाला तरी त्याच दिवशी सांगावे. ‘नाही’ असे उत्तर मिळालेल्या मुलानेही ते मानावे. नकार पचविणे हाही पुरुषार्थच आहे. एकत्र अभ्यास जरूर करावा, पण कोणता धडा आणि किती वेळ हे आधी ठरवून. आणि मोबाईल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता पालकांना एक विनंती. मुलगी एखाद्या मुलाशी फलाटावर बोलताना दिसली, एवढ्यावरून तिचे महाविद्यालय बंद करणारी घरे आजही आहेत. मुलाला दोन शब्द ऐकविले जातात आणि तो दुसऱ्या दिवशी तीच गाडी पकडतो. मुलीचे मात्र वर्ष जाते, कित्येकदा शिक्षणच सुटते. हा कोणता न्याय? याच भयापोटी मुली घरी काही सांगत नाहीत, आणि न सांगितलेल्या गोष्टीच पुढे संकट होऊन उभ्या राहतात. आपला संशय आल्यास अवश्य विचारा, प्रसंगी रागवा. पण तिचा लोकलचा पास काढून घेऊ नका. घरी सांगितल्याने शिक्षण सुटणार नाही, ही खात्री असेल तर मुले स्वतः होऊन बोलतील.

आज घरी गेल्यावर प्रत्येक पालकाने हे आश्वासन आपल्या मुलीला आणि मुलाला सारख्याच शब्दांत द्यावे, एवढे मागणे मागून मी आपली रजा घेतो.