व्हिडिओला जागा किती लागते?



मघाशी जेवताना दोघातिघांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरमधली. एआयमुळे डेटा सेंटरवाल्यांची चांदी होणार ना? शेअर घ्यायचे का?" शेअरचा सल्ला मी देत नाही. पण असाच एक हिशेब आपल्या कॉलेजच्या दिवसांत मांडला गेला होता, तो सांगते.

१९९५ मध्ये रिअलऑडिओ आलं, १९९७ मध्ये रिअलव्हिडिओ. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आपण पाहिलंय; त्यातला निम्मा वेळ 'बफरिंग' हा शब्द वाचण्यात जायचा. तरीही १९९९ मध्ये याहूने ब्रॉडकास्ट.कॉम सुमारे ५.७ अब्ज डॉलरचे शेअर देऊन विकत घेतली. हिशेब सरळ होता: व्हिडिओ येणार, व्हिडिओला जागा लागणार, म्हणजे जागा विकणारा श्रीमंत होणार. बँकांना कपाटाएवढी स्टोरेज यंत्रं विकणाऱ्या ईएमसीचा शेअर २००० मध्ये शंभर डॉलरच्या वर गेला. २००२ मध्ये तो पाचच्या खाली होता. अर्थात तेव्हा सगळा बाजारच कोसळला होता, पण व्हिडिओच्या हिशेबातही खोट होती.

गणिताच्या सरांसमोर आकडेमोड करायला अजून भीती वाटते, तरी करते. ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला (कधीच चालत नसे) तरी तासाला साधारण २५ एमबी. म्हणजे एका सीडीवर पंचवीस तासांचा व्हिडिओ मावला असता! शिवाय ती फाइल एकाने पाहिली काय आणि लाखाने पाहिली काय, ठेवायची एकदाच. प्रेक्षकांबरोबर वाढते ती वाहतूक. त्या अडचणीवर एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई काढली: प्रत प्रेक्षकाच्या जवळ नेऊन ठेवायची.

जागा खरी लागली ती प्रेक्षकच व्हिडिओ काढायला लागले तेव्हा. २००५ मध्ये यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा होता, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर काढलेला. पुढचं तुम्ही जाणताच. पण तोवर गूगलने वेगळा रस्ता धरला होता, २००३ मध्ये जाहीरही केला होता: महागडी यंत्रं नकोत, साध्या डिस्क घ्या, त्या बिघडणारच असं धरून चाला आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, एक मावशीकडे, तसंच. २००६ मध्ये यूट्यूबही गूगलकडे गेलं. व्हिडिओचा पूर आला, पण कपाटवाल्यांच्या दारातून गेला नाही. ईएमसी २०१६ मध्ये डेलमध्ये विलीन झाली. मोठ्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्याही आता तीनच उरल्या आहेत.

पुण्यात स्टोरेजचं काम पुष्कळ होतं, माझ्या पिढीतल्या अनेकांचं घर त्यावर चाललं. मीही अशा कपाटाच्या आतला कोड लिहिलाय. पुढे तेच काम साध्या सर्व्हरसाठी नव्याने शिकावं लागलं; ज्यांना तोवर चाळिशी गाठली होती त्यांना ते जड गेलं.

आता एक विनंती. आपल्या दहावीच्या स्नेहसंमेलनाची व्हीएचएस कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर आहे. टेपला बुरशी लागते, प्लेअरही मिळेनासे झालेत. पुढच्या महिन्याभरात माझ्याकडे पोचवा. उतरवून घेते आणि तीन प्रती करते: एक शाळेत, एक माझ्याकडे, एक बाईंकडे.