शेतकी शाळेत लेक गेली, घर कधी जाणार?

कुणी भाकरी थापत असेल, कुणाची धार काढायची राहिली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं असू द्या.

दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत बचतीआधी एकच विषय निघतो. "ताई, पोरीला पुढं कुठं घालू?" कुणी अकरावी म्हणतं, कुणी आयटीआय, कुणी नर्सिंग. मी शेतकी शाळेचं नाव काढलं की बायका हसतात. "शेतीच करायची तर शाळा कशाला? ती घरीच आहे की!" पाच-सहा वर्षांपूर्वी मीही अशीच हसले असते. आता हसत नाही. का, ते सांगते.

आधी ही शाळा म्हणजे काय ते बघू. आपण शेतकी शाळा म्हणतो, तिचं कागदावरचं नाव कृषी तंत्र विद्यालय. दहावीनंतर दोन वर्षांचा कृषी पदविकेचा अभ्यासक्रम असतो, तोही मराठीतून. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. ज्या त्या भागातल्या शाळा त्या त्या विद्यापीठाच्या हाताखाली येतात. अभ्यास आणि परीक्षा त्यांच्याच.

माझ्या भावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, अशाच एका शाळेत दोन वर्षं शिकली, वसतिगृहात राहून. सुट्टीला आली की तिच्या गोष्टी संपायच्या नाहीत. सकाळी उठून आधी शेतावर जायचं. मुलामुलींना वाफे वाटून दिलेले. आपल्या वाफ्यात पेरायचं, खुरपायचं, पाणी द्यायचं आणि काय केलं ते रोज वहीत लिहायचं. मग वर्ग. माती, खतं, बियाणं, कीड-रोग, फळझाडं, जनावरं, कोंबड्या. दुपारनंतर पुन्हा प्रात्यक्षिक. आंब्याचं कलम बांधायला शिकताना पहिल्या दिवशी बोट कापून घेतलं. तणांचा संग्रह करायचा होता, म्हणून हरळी, लव्हाळा, केना, गाजरगवत वाळवून कागदावर चिकटवलं. किडे पकडून पेटीत टाचणीनं लावले. तिची आजी म्हणाली, "तण उपटायचं सोडून चिकटवायला लागली बया!"

मजेच्या गोष्टी सांगायची तशी रडायचीही. मेसची भाजी पाणचट असते. पहिल्या महिन्यात घरची आठवण येते. पाळी आलेली असताना चिखलात उभं राहायचं अवघड जातं आणि सरांना सांगायला लाज वाटते. हे ती मला सांगायची, आईला सांगायची. बापाला कसं सांगणार? आणि शाळेत ये-जा होती ती फक्त बापाची. प्रवेशाला तो गेला, फी भरायला तो गेला, पालकसभेची चिठ्ठी त्याच्याच हातात यायची. वेळ असला तर जायचा, नाहीतर नाही.

मैत्रिणींनो, दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं, ते आपण कौतुकानं बघतो. पण पालकसभेच्या वहीत सही कुणाची असते? आणि शाळा तर शेतकीची. बियाणं निवडणं, साठवणं, खुरपणी, काढणी, जनावरांचं शेण-पाणी यातलं निम्म्याहून जास्त काम ज्या बाईच्या हातून होतं, तीच त्या शाळेत पाऊल ठेवत नाही.

आता जी गोष्ट सांगायला आज इथं आले, ती सांगते. सांगायला सोपी नाही, कारण तिच्यात चूक माझीही आहे.

भाचीचं पहिलं वर्ष संपलं आणि ती मे महिन्यात घरी आली. दादानं घरचंच सोयाबीन बियाण्याला ठेवलं होतं. तिनं पोत्यात वर, मध्ये, खाली हात घालून दाणे काढले. शंभर मोजले. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वर ओलं गोणपाट टाकलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी उघडून मोजलं. धड मोड आलेले दाणे निघाले चोपन्न.

शाळेत तिला शिकवलं होतं, आणि कृषी विभागही हेच सांगतो, की शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरे. सत्तराच्या खाली जितके कमी, तितका एकेका दाण्यामागं अर्धा किलो वाढवायचा. साठाच्याही खाली गेलं तर ते बियाणं म्हणून पेरायचंच नाही. ती वही घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, "पप्पा, हे पेरू नका."

आबा म्हणाले, "वर्षभर शाळेत गेली आणि आम्हाला पेरायला शिकवती?" दादा हसला. "गोणपाटातलं वेगळं आणि रानातलं वेगळं," म्हणाला. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी तिथंच बसले होते, चहाची बशी हातात. मला ती परीक्षा माहीत होती. गटांच्या प्रशिक्षणात मी स्वतः दाखवली होती. गावोगावी मी सांगत फिरते की बाईनं बोललं पाहिजे. माहेरच्या ओसरीवर मात्र माझी वाचा बसली. भावाच्या घरात आपण कशाला बोला, असा विचार करून चहा पिऊन उठले.

पाऊस चांगला झाला होता. पेरणी झाली तीन एकर. आठ दिवसांनी रान बघितलं तर तासाच्या तास मोकळे. इथं चार रोपं, तिथं दोन. दुबार पेरणी करावी लागली. विकतचं बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टर. वहिनीनं गटातून बारा हजारांचं कर्ज उचललं. त्या कर्जाच्या अर्जावर माझीच सही आहे. सही करताना हात थरथरला, ते कुणाला कळलं नाही.

वहिनीला मी मागाहून एकटीला गाठून विचारलं, "तुला काय वाटलं होतं?" ती म्हणाली, "मला माहीत होतं. मळणी करताना यंत्र फार जोरात फिरवलं होतं, निम्मा दाणा तडकला होता. वर पोती एकावर एक रचली, खालचं पोतं पार दबलं. पण मला कुणी विचारलं का?"

हे ऐकून मी गप्प झाले. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. जोराच्या मळणीनं, आदळआपटीनं, पोत्यांच्या थप्पीनं त्याची उगवण जाते. हे शाळेच्या पुस्तकात आहे. आणि तेच वहिनीला हातानं कळलेलं होतं. लेकीला वाचून ठाऊक, आईला करून ठाऊक. एका घरात दोघी. दोघींनाही विचारणारं कुणी नाही, आणि दोघी एकमेकींशीही त्यावर बोलल्या नाहीत.

पुढच्या पालकसभेला मी वहिनीला म्हटलं, "या वेळी तू चल, मी येते सोबत." दादाला म्हटलं, "तुला वेळ नाही ना, मग आम्ही जातो." तो नाही म्हणाला नाही. एसटीनं गेलो. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. सभेत सगळे पुरुष, आम्ही चौघी-पाचजणी बाया. सरांनी विचारलं, "घरचं बियाणं कोण ठेवतं?" पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी वहिनी उठली. तूर आणि मूग राखेत कसा ठेवते, कडुनिंबाचा पाला आधी सावलीत का वाळवून घेते, कणगी भरायच्या आधी उन्हं कशी देते, ते तिनं सांगितलं. बोलताना सारखा पदर सावरत होती, पण बोलली. मग तिनंच सरांना विचारलं, "मुलींच्या संडासाला रात्री पाणी नसतं म्हणतात, ते बघाल का?" वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. कारण हे बापाला विचारता येत नाही.

घरी येताना एसटीत वहिनी म्हणाली, "मला वाटलं होतं शाळा म्हणजे आपल्याला न कळणारं काहीतरी. ते तर आपलंच चाललंय तिथं."

मैत्रिणींनो, आज एवढंच सांगायचंय. शेतकी शाळेत मूल एकटं जाऊन भागत नाही, घरालाही जावं लागतं. इंजिनियरिंगला गेलेल्या पोरानं काय शिकलं ते घराला कळलं नाही तरी चालतं. शेतकी शिकलेल्या पोरीचा अभ्यास मात्र आपल्याच रानात उतरायचा असतो. घरानं ऐकलं नाही, तर दोन वर्षं शिकलेलं वहीतच राहतं.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगते. पैसा लागत नाही.

पहिली, पालकसभेला आईनं जावं. एकटीला जायचं जमत नसेल, तर ज्यांची मुलं तिथं आहेत अशा दोघी-तिघी मिळून जा. वर्ग बघा, वसतिगृह बघा, मेसमध्ये एक घास खाऊन बघा. पाण्याचं, संडासाचं, रात्री कोण असतं याचं विचारा. लाजू नका.

दुसरी, मुलाला किंवा मुलीला घरचा एक गुंठा द्या. एकच गुंठा. त्यात काय पेरायचं, किती खत, कधी पाणी, ते त्यांना ठरवू द्या. चुकलं तर चुकू द्या. आपलं तीन एकर चुकतं, त्यांचा एक गुंठा चुकला तर काय बिघडलं? फक्त एक अट घाला, शाळेतल्यासारखं वहीत लिहायचं.

तिसरी, सुट्टीला आलेल्या लेकराला विचारा, "या वेळी काय शिकलास?" आणि लगेच आपल्या घरात ते करून बघा. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा हे त्यांना शिकवलेलं असतं. पीक निघाल्यावर रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, बांध, झाडाखाली आणि उकिरड्याजवळची जागा सोडायची, सगळी माती एकत्र करून अर्धा किलो उरवायची. औषधाच्या डब्यावरचा रंग बघायलाही ती शिकतात. लाल सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. हातानं औषध कालवणाऱ्या बापाला पोरगं हातमोजे घाला म्हणालं, तर त्याला गप्प करू नका. आईनं तिथं पोराच्या बाजूनं उभं राहावं.

चौथी गोष्ट मुलींची. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीतच स्थळं यायला लागतात. पोरगी शेतकी शिकती म्हटल्यावर बागायतदारांची तर आधी येतात. अठराच्या आत लग्न कायद्यानं गुन्हा आहे, हे आपल्याला माहीत आहे. पण अठरा झाले म्हणून परीक्षेच्या तोंडावर सुपारी फोडू नका. दोन वर्षं पुरी होऊ द्या. पदविका हातात असली की कृषी सेवकाच्या भरतीला अर्ज करता येतो. रोपवाटिका, कोंबडीपालन, कृषी सेवा केंद्र असं काही काढायचं झालं तरी ते शिक्षण उपयोगी पडतं. नियम बदलत असतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात जाऊन नीट विचारा. आणि गटांनो, अशा शिकलेल्या लेकीला कर्ज देताना मागं-पुढं बघू नका. दुबार पेरणीला कर्ज देतो, तर एका रोपवाटिकेला का नाही?

आता माझ्या माहेरचं उरलेलं सांगते. बारा हजार फेडायला वहिनीला दीड वर्ष लागलं. भाचीची पदविका पूर्ण झाली. दादानं तिला शाबासकी दिली असं म्हणाल तर नाही, त्याचा तो स्वभावच नाही. पण यंदा मेमध्ये मी गेले तेव्हा ओसरीवर बियाण्याचं पोतं आणून त्यानं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "मोज." वहिनीनं गोणपाट भिजवून आणलं. दोघी मायलेकी शेजारी बसून दहा-दहाच्या ओळी मांडत होत्या. आबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "त्या खालच्या पोत्यातलंही घे गं."

त्या दिवशी मी भाचीला म्हटलं, "मागं मी बोलायला पाहिजे होतं, चुकलं माझं." ती म्हणाली, "आत्या, आता बस आणि मोजू लाग."

या महिन्याच्या बैठकीत बचत मोजून झाली की एक काम करा. ज्यांची मुलं शेतकी शाळेत आहेत त्यांनी हात वर करा आणि पुढच्या पालकसभेला कोण कोण जाणार ते वहीत लिहा. आणि पेरणीआधी प्रत्येकीनं घरी शंभर दाणे मोजा. घरात शिकलेलं लेकरू असेल तर त्याच्या हातानं मोजा.

येते मी. रामराम.