गहू सोडल्यानंतरचे पहिले आठवडे



बरं वाटावं म्हणून माणूस पोळी सोडतो आणि पहिल्या आठ-पंधरा दिवसांत भलतंच काही सुरू होतं. पोट साफ होईनासं होतं, नाहीतर पोटाला गुबारा धरतो. डोकं जड राहतं, अंगात त्राण नसल्यासारखं वाटतं, एरवी पचणारं दूध बाधायला लागतं, सारखी भूक लागते. त्यावर घरात, मित्रमंडळींत आणि मोबाइलवर एक उत्तर तयार असतं: शरीरातलं विष बाहेर पडतंय, थोडे दिवस सहन करा. मला हे उत्तर नुसतं चुकीचं नव्हे, तर घातक वाटतं. या तक्रारींना बहुतेक वेळा शोधून काढता येतील अशी कारणं असतात. ती ताटात सापडतात, आतड्यात सापडतात, कधी गिरणीत सापडतात. विषाचं नाव घेतलं की शोध तिथेच थांबतो, आणि ज्याला उपचार हवा होता तो माणूस दिवस मोजत बसतो.

आधी त्या विषाचंच पाहू. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. ते अंगात साठून राहत नाही. पचतं तेवढं पचतं, उरलेलं दोन-चार दिवसांत शौचावाटे निघून जातं. ज्यांना सीलिअ‍ॅक हा आजार आहे, त्यांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्या लढाईत लहान आतड्याच्या आतल्या अंगाचे बारीक अंकुर झडतात. अन्न शोषून घेण्याचं काम याच अंकुरांचं. गव्हाचा हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिअ‍ॅकची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, हे त्या काळात दिसून आलं होतं. गहू थांबवल्यावर रक्तातली प्रतिपिंडं कमी व्हायला कित्येक महिने लागतात, आणि मोठ्या माणसांत अंकुर पूर्ववत व्हायला पुष्कळदा दोन वर्षांहून जास्त काळ जातो. तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या डोकेदुखीचं कारण ‘काहीतरी बाहेर पडतंय’ असं सांगायला शरीरशास्त्रात आधार नाही.

मग ते दुखतं कशाने? ताटातून काय गेलं आणि त्या जागी काय आलं, हे पाहिलं तर निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. पोळी गेली आणि तिच्या जागी पांढरा भात, साबुदाण्याची खिचडी, पोहे आणि बाजारातली ग्लूटेनमुक्त बिस्किटं आली, तर जेवणातला चोथा एकदम घटतो. ही बिस्किटं आणि पाव बहुधा तांदळाचं पीठ, मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च यांचे असतात. बद्धकोष्ठ झालं तर नवल नाही. याच्या उलट, पोळीच्या जागी रोज बेसनाची धिरडी, छोले, राजमा आले, तर हरभऱ्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस धरतो. ज्वारी-बाजरीची भाकरी हा आपल्याकडचा सर्वांत चांगला पर्याय, पण ज्याला तिची सवय नाही त्याने दोन्ही वेळा पोटभर भाकरी सुरू केली आणि पाणी पूर्वीइतकंच ठेवलं, तर त्याचंही पोट काही दिवस कुरकुरणार. डोकेदुखीचं तर आणखी साधं आहे. गहू सोडणारा माणूस बरेचदा त्याच सोमवारी साखर सोडतो आणि चहाही सोडतो. रोजचा चहा-कॉफी तोडल्यावर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ते जास्तीत जास्त होतं आणि आठवडाभर रेंगाळू शकतं. त्याचा ठपका मात्र गव्हावर बसतो.

यावर एक शास्त्रीय वाटणारा आक्षेप घेतला जातो. ग्लूटेनच्या पचनातून अफूसारखा परिणाम करणारे तुकडे तयार होतात, म्हणून गहू सोडल्यावर व्यसन सोडल्यासारखी तडफड होते, असं म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. असे तुकडे प्रयोगशाळेत १९७० च्या दशकातच दाखवले गेले. पण दुधातल्या प्रथिनातूनही तसेच तुकडे निघतात, आणि दूध सोडल्याने कुणाला व्यसनमुक्ती केंद्रात न्यावं लागत नाही. परीक्षानळीत दिसलेला गुण पोळी खाणाऱ्या माणसाच्या मेंदूवर त्या मात्रेत काम करतो, आणि तो थांबला की तडफड होते, हे दाखवणारा भक्कम पुरावा माणसांत मिळालेला नाही. एवढ्या कमकुवत दुव्यावर लोकांना ‘त्रास होऊ द्या’ असं सांगणं मला पटत नाही.

ज्यांना खरोखर सीलिअ‍ॅक आहे, त्यांच्या बाबतीत काही लक्षणं आतड्यातून येतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर अंकुरांच्या अगदी टोकाशी असतं. अंकुर झडले की ते जातं आणि ते परतायला वेळ लागतो. अशा वेळी पोळी गेली म्हणून कुणी खीर, बासुंदी, दूधभात वाढवला तर जुलाब होतात आणि वाटतं की पथ्यच लागू पडत नाही. दूध काही आठवडे कमी करून दही-ताकावर राहिलं तर पुष्कळांचं भागतं. सारखी भूक लागणं आणि वजन वाढणं हे बहुधा अन्न अंगी लागू लागल्याचं लक्षण, त्याची भीती नको. पण एका लक्षणाची जरूर भीती बाळगावी. फार खंगलेल्या, विशेषतः लहान मुलाला पथ्य आणि भरपूर आहार एकदम सुरू केला, तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि रक्तात त्यांची टंचाई होते. पायांवर सूज, मान धरवत नाही इतका अशक्तपणा, धाप लागणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं असा प्रकार होऊ शकतो. सीलिअ‍ॅकच्या कुपोषित मुलांत हे घडल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या डॉक्टरांनीच केल्या आहेत. अशा मुलाला दवाखान्यात ठेवून, रक्त तपासत, आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात. ‘विष निघतंय’ म्हणून घरी बसणाऱ्या आई-बापांना हे कोण सांगणार?

आता गिरणीकडे येऊ, कारण महाराष्ट्रातल्या रुग्णाचं पथ्य सर्वांत जास्त तिथेच मोडतं. ज्वारीत ग्लूटेन नसतं हे खरं, पण तुमचा डबा लागायच्या आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण उतरलेलं असतं. जात्याच्या पाळ्यांत, पिठाच्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत ते पीठ राहिलेलं असतं. हिशेब करून पाहा. १ किलो ज्वारीच्या पिठात अवघं १० ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, गव्हाचं पीठ मिसळलं, तर त्यात साधारण ८०० मिलिग्रॅम ग्लूटेन येतं. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थाला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ४८ मिलिग्रॅम. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. म्हणजे मनापासून पथ्य पाळणारी बाई दोन वेळच्या भाकरीतून रोज ही मात्रा ओलांडते आणि तिला कल्पनाही नसते. त्यात भर घालायला मेतकूट आहे, ज्यात डाळींबरोबर थोडे गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू असतो. बांधीव हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. सातू म्हणजे जवच, त्यातही तेच. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली खपवला जातो, पण त्यातही ग्लूटेन आहे आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो चालत नाही. शिवाय पथ्य काही महिने पाळल्यावर चुकून गहू पोटात गेला, तर पूर्वी झाली नव्हती अशी उलटी तास-दोन तासांत होऊ शकते. लोक घाबरतात, पण पथ्य चाललेल्या रुग्णांत हे होतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. घरघंटी हा खर्चिक पण खरा उपाय. ते जमत नसेल तर निदान गव्हाला कधीच हात न लावणारी गिरणी शोधावी.

इथे कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला? मी गहू सोडला, पहिले दिवस त्रास झाला, आता मला छान वाटतं, मग तपासण्या कशाला? हा अनुभव मी नाकारत नाही, पण त्यातून काय सिद्ध होतं ते पाहायला हवं. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गव्हाने त्रास होतो असं म्हणणारी, पण सीलिअ‍ॅक नसलेली ५९ माणसं निवडली. त्यांना न सांगता आळीपाळीने आठवडाभर ग्लूटेन असलेल्या, फ्रुक्टान नावाच्या शर्करा असलेल्या आणि यातलं काहीच नसलेल्या वड्या दिल्या. सर्वांत जास्त त्रास ग्लूटेनने झालेली माणसं १३ निघाली, फ्रुक्टानने २४, आणि काहीच नसलेल्या वडीने २२. फ्रुक्टान गव्हात असतात, तसेच कांद्या-लसणातही भरपूर असतात. म्हणजे गहू सोडून बरं वाटणाऱ्या कित्येकांचा खरा शत्रू त्यांच्या फोडणीत अजून शाबूत आहे. त्यांना आयुष्यभर भाकरीची गिरणी शोधत हिंडायची गरज नाही. आणि ज्यांना सीलिअ‍ॅक आहे, त्यांना ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर भागत नाही. त्यांना हिंगापासून मेतकुटापर्यंत सगळं कायमचं पाळावं लागतं, हाडांची घनता, लोह, थायरॉइड तपासत राहावं लागतं. हा फरक तपासणीशिवाय कळत नाही.

म्हणून गहू सोडण्याआधी टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडा काढून पाहावा. पथ्य सुरू झालं की दोन्ही तपासण्या फसवू लागतात, हळूहळू सगळं ‘नॉर्मल’ येतं. मग निदान हवं असेल तर पुन्हा गहू खावा लागतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत किमान ६ आठवडे, रोज एकापेक्षा अधिक जेवणांत ग्लूटेन घ्यायला सांगितलं आहे. हे निर्दयपणाचं आहे, असं रुग्ण म्हणतात आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. ज्याने आधीच गहू सोडला आहे, त्याने निदान एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही जनुकचाचणी आधी करावी. तिच्यावर पथ्याचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळपास बाद होतो आणि सहा आठवड्यांची ती परीक्षा वाचते. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं निरोगी लोकांपैकीही सुमारे तिसऱ्या हिश्श्यात आढळतात.

आणि घरात एकाचं निदान झालं, तर बाकीच्यांचंही पाहायला हवं. दिल्ली परिसरातल्या २०११ च्या पाहणीत सर्वसाधारण लोकांत सुमारे ९६ जणांमागे १ रुग्ण आढळला, पण रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हे प्रमाण जगभर शंभरात सात-आठ दिसतं. आपल्याकडे होतं असं की एकासाठी प्रेमापोटी सगळं घर गहू सोडतं, आणि सहा महिन्यांनी धाकटीची वाढ खुंटलेली दिसते, तेव्हा तिच्या रक्तात दाखवायला काही उरलेलं नसतं. घरातल्या भावंडांची आणि आई-वडिलांची टीटीजी तपासणी, ती सगळी पोळी खात असतानाच, त्याच आठवड्यात करून घ्या.