रोशा, ओवा आणि वासामागचं रसायन
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. 'तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला समजेल असं बोल' अशी अटही घातली आहे. माझं काम म्हणजे तेल तपासणं. खाण्याचं नव्हे, पानाफुलांतून निघणारं, हवेत उडून जाणारं सुगंधी तेल. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ३१ वर्षं मी हेच केलं. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. वनस्पतीचं नाव आणि रूप आपल्याला निम्मीच माहिती देतात. उरलेली निम्मी तिच्या आतल्या रसायनात असते, आणि पैसा व जीव दोन्ही त्या निम्म्यावर अवलंबून असतात.

आपण खानदेशातले, म्हणून सुरुवात आपल्याच डोंगरातून करतो. रोशा गवत तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणी त्याला तिखाडी म्हणतं, संस्कृतात ते रोहिष. पान चुरगळलं की गुलाबाची आठवण यावी असा वास येतो. एकोणिसाव्या शतकातल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्येही या गवताची आणि त्याच्या तेलाची नोंद आहे. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तुर्कस्तान-बल्गेरियाच्या बाजारात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. युरोपात त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' असं नाव पडलं होतं. गवत आपलं आणि नाव तुर्कांचं!

ही भेसळ खपायची कारण जिरॅनिऑल नावाचा घटक गुलाबाच्या तेलातही असतो आणि रोशातही. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, रोशा मात्र डोंगरउतारावर आपोआप उगवतं. मग व्यापारी काय करणार?

हे तेल काढायची जुनी रीत आठवा. ओढ्याकाठी भट्टी, तिच्यावर मोठं भांडं, त्यात पाणी आणि गवत. झाकणातून निघालेली बांबूची नळी ओढ्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात. वाफ थंड झाली की पाणी खाली आणि तेल वर. आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढलेली ऊर्ध्वपातनाची आकृती ती हीच. पण त्यात एक गंमत आहे, जी मला कॉलेजात गेल्यावर कळली. जिरॅनिऑल एकटं उकळायचं तर २३० अंश सेल्सिअस लागतात. पाण्याबरोबर मात्र ते १०० अंशाच्याही आत बाहेर पडतं, कारण एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघांच्या वाफांचे दाब बेरजेत येतात. भट्टी लावणाऱ्या आदिवासी बांधवांना हा नियम कोणी शिकवला नव्हता. त्यांची भट्टी मात्र त्या नियमाने अचूक चालत होती.

आता मुद्द्याचं. रोशा दोन जातींचं असतं, मोतिया आणि सोफिया. शेजारी शेजारी ठेवले तर चांगला जाणकारही गोंधळेल, इतकी दोन्ही सारखी दिसतात. मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असतं, त्याला भाव. सोफियात ते बरंच कमी, वास उग्र, भावही कमी. आपल्यापैकी जे शेती करतात त्यांना म्हणून सांगतो, 'रोशाचं बियाणं' एवढ्या शब्दावर पैसे मोजू नका. मोतियाच आहे याची खात्री करून घ्या, कारण एकदा लावलेलं हे पीक काही वर्षं शेतात राहतं.

कापणीची वेळही तितकीच महत्त्वाची. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत असतं, दांडे जवळजवळ रिकामे. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिऑलचं ॲसिटेट जास्त असतं. फुलोरा पक्व होत जातो तसं त्याचं जिरॅनिऑल होत जातं. म्हणून फुलं उमलल्यावर आठवडा-दहा दिवस थांबून कापतात. त्याच शेतातलं तेच गवत घाईने कापलं, तर तेल वेगळं निघतं.

माझ्याकडे एकदा एका व्यापाऱ्याचा डबा आला. वास उत्तम होता. टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवला. खरं सुगंधी तेल उडून जातं, मागे तेलकट डाग राहत नाही. इथे दुसऱ्या दिवशीही डाग होता, म्हणजे आत कसलं तरी खाद्यतेल मिसळलेलं होतं. दुसरी परीक्षा ७० टक्के अल्कोहोलची. रोशाचं शुद्ध तेल त्यात विरघळून स्वच्छ राहतं, रॉकेल किंवा खाद्यतेल असेल तर मिश्रण दुधाळ होतं. नेमकी टक्केवारी सांगायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, पण साधी लबाडी पकडायला टिपकागद पुरतो.

आता आपल्या भगिनी म्हणतील, आमच्या स्वयंपाकघराचं काय? तिथेही हेच आहे. कुंडीतल्या ज्या 'ओव्याच्या पाना'ची आपण भजी करतो, ते ओव्याच्या झाडाचं पान नाही. ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला, पानओवा तुळस-पुदिन्याच्या. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं आणि पानओव्यात त्याचं जुळं भावंड कार्व्हॅक्रॉल. दोघांचं रेणुसूत्र एकच, फक्त एका गटाची जागा बदललेली. म्हणून कुळं लांबची असूनही वास जवळचा. दातांच्या डॉक्टरकडे शिरताच लवंगेचा वास येतो, तोही खराच असतो. दात भरायच्या एका मसाल्यात लवंगेचं युजेनॉल घालतात. आपल्या अंगणातल्या काही तुळशींतही हेच युजेनॉल असतं.

ही रसायनं वनस्पती आपल्यासाठी करत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरं यांना दूर ठेवायला ती करते. ते तिचं शस्त्र आहे. आपण ते चिमूटभर घेतो तेव्हा त्याला चव म्हणतो, औषध म्हणतो. पण एका छोट्या बाटलीत अनेक किलो पाल्याचा अर्क एकवटलेला असतो, हे आपण विसरतो. आता आपण सगळे आजी-आजोबा झालो आहोत, म्हणून हे जरा गंभीरपणे सांगतो. नीलगिरीचं तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला, तर एक चमचासुद्धा झटके यायला पुरेसा होऊ शकतो. 'आयुर्वेदिकच आहे, काही होत नाही' म्हणत घरी बसू नका. ओकारी काढू नका, बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. आणि आज घरी गेल्यावर ती बाटली देवघरातून किंवा उशाजवळून उचलून वरच्या फळीवर ठेवा. माझ्या भाषणातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

शेवटचा मुद्दा रानाचा. रानातल्या रोशाची जागा आता बऱ्याच अंशी लागवडीच्या रोशाने घेतली आहे. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने 'तृष्णा'सारखे वाण काढले, ते चांगलंच झालं. पण वाण निवडायला मुळात विविधता लागते आणि ती रानात असते. डोंगरावरचा रोशा संपला तर उद्या नव्या रोगाला टिकणारं रोप शोधायचं कुठे?

म्हणून दोन विनंत्या. आपल्या गावाजवळच्या डोंगरावर अजून रोशा उभं असेल, तर कुठे आहे ते मला कळवा, फुलोऱ्याचा नमुना द्या. मी निवृत्त झालो असलो तरी तो तपासून घ्यायची जबाबदारी माझी. आणि मुख्याध्यापकांना विनंती की शाळेच्या आवारात मोतिया आणि सोफियाचा एक-एक वाफा शेजारी शेजारी करावा. रोपं मी आणून देतो. मुलांनी दोन्ही पानं चुरगळून वास घ्यावा आणि मग पुस्तक उघडावं.