टेबलावरचा ढीग आणि मनाची उमेद

(कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



मार्चअखेरचे दिवस आपणांपैकी कोणालाही नवे नाहीत. पंचायत समितीत अखर्चित निधीचा हिशेब चाललेला असतो, ग्रामपंचायतीत घरपट्टी व पाणीपट्टीच्या वसुलीची धावपळ असते, शाळेत परीक्षा आणि माहितीचे तक्ते यांची एकच गर्दी उडालेली असते. रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. हे सारे एकदाचे पार पडते आणि एप्रिल उजाडतो. तेव्हा सर्वांना हायसे वाटावे. परंतु पुष्कळ ठिकाणी तसे घडत नाही. ज्या लिपिकाने दोन वर्षांपूर्वी नोंदवहीचा सुटसुटीत नमुना स्वतः होऊन तयार केला होता, तोच आता नवी सूचना कानी पडली की म्हणतो, "चालले आहे ते चालू द्या." त्याची हजेरी चोख आहे, कामात कसूर नाही, उमेद मात्र गेली आहे. ती का जाते आणि जाऊ नये म्हणून काय करता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्याच्या सुखदुःखाचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. निराधार अनुदानासाठी अर्ज केलेली वृद्ध विधवा तिसऱ्यांदा तहसील कार्यालयाची पायरी चढते, तेव्हा समोर बसलेल्या माणसाच्या ठायी तिचे म्हणणे ऐकून घेण्याइतके त्राण उरले आहे की नाही, यावर तिची चौथी खेप अवलंबून असते. कर्मचाऱ्याच्या थकव्याची किंमत शेवटी तिच्यासारख्यांनाच एस.टी.च्या भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते.

थकतो तो कोण?

कामसू माणसाला ग्रासणाऱ्या या शिणाचा शास्त्रीय विचार फार जुना नाही. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या अनुभवावरून एक लेख लिहिला आणि या अवस्थेला 'बर्नआउट' असा शब्द वापरला. तेल संपले तरी वात जळत राहावी आणि शेवटी काजळी तेवढी उरावी, असा त्याचा भाव. त्यांचे एक निरीक्षण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. या अवस्थेला बळी पडण्याचा धोका कामचुकारांना नसतो. तो जीव ओतून काम करणाऱ्यांनाच अधिक असतो. आपल्याकडे 'हा होतकरू आहे' असे दिसताच त्याच्याच टेबलावर आणखी दोन विषय ठेवण्याची जी रीत आहे, तिचा विचार या प्रकाशात व्हावयास हवा.

पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व सुझान जॅक्सन यांनी हा शीण मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : मन रिते होणे, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही घडते आहे हा विश्वास ढळणे. यातील दुसरे लक्षण सरकारी कामकाजात सर्वांत आधी दिसते, कारण ते भाषेत उतरते. माणसाचे 'प्रकरण' होते आणि वर्गातील मुलांचा 'पट' होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. परंतु ती रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाची नीट व्यवस्था न लागल्याचा तो परिणाम, असे तेथे म्हटले आहे. याचा अर्थ उघड आहे. कर्मचाऱ्याला योगासने शिकवून कार्यालय जसेच्या तसे ठेवले, तर अर्धेच काम झाले. योगासने चांगलीच; पण उपचार कार्यालयावरही करावयाचा आहे.

अहमदनगरचा प्रयोग

असा उपचार महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची जी पुनर्रचना केली, ती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखली जाते. आज तिचे नाव बहुधा दप्तर तपासणीच्या वेळी निघते, आणि म्हणून ती केवळ कागद लावण्याची पद्धती आहे असा समज झाला आहे. वस्तुतः त्या प्रयोगात बसण्याची व्यवस्था, टेबलांची मांडणी, अभिलेखांची छाननी, कार्यपद्धतीचे सुलभीकरण आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या सर्वांचा एकत्र विचार होता.

त्यातील सहा गठ्ठ्यांची पद्धत आपणांस परिचित आहे. प्रत्यक्ष कार्यवाही करावयाची प्रकरणे एका गठ्ठ्यात. दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात. नियतकालिक विवरणे तिसऱ्यात. स्थायी आदेश चौथ्यात. अभिलेख कक्षात पाठवावयाची निकाली प्रकरणे पाचव्यात. आणि मुदतीनंतर नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद सहाव्यात. वरवर पाहता ही निव्वळ वर्गवारी आहे. परंतु टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर तिचे मर्म कळते. ज्याच्यासमोर दोनशे कागदांचा एकच ढीग आहे, त्याला त्यातील आपल्या हातची प्रकरणे किती आणि दुसऱ्याकडे अडलेली किती, हेच उमगत नाही. सायंकाळी घरी जाताना तो दोनशेंचे ओझे घेऊन जातो. तोच ढीग वेगळा केला आणि त्यात कार्यवाहीची प्रकरणे समजा चाळीसच निघाली, तर काम तेवढेच राहूनही त्याला शेवट दिसू लागतो. माणूस पुष्कळ काम सोसतो. न संपणारे काम सोसत नाही.

कल्पकतेचा संबंध येथेच येतो. शोधाशोधीत ज्याचा दिवस जातो, त्याला नवे सुचावे कसे? मागील वर्षीचे परिपत्रक, हरवलेली जोडपत्रे, कोणी तरी नेलेली संचिका यांच्या शोधात खर्ची पडणारी बुद्धी ही कार्यालयाची खरी गळती होय, आणि ती कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

या प्रयोगाची पुढे ठिकठिकाणी नक्कल झाली. पण फडके रंगीत आणि गठ्ठा जुनाच, असेही दृश्य काही ठिकाणी दिसते. तपासणीच्या आठवड्यात गठ्ठे बांधावयाचे आणि नंतर पुन्हा ढीग होऊ द्यावयाचा, याने शीण कमी न होता वाढतोच. राज्याच्या २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध कायद्याने एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये असे ठरविले, आणि २०१७ च्या सुमारास पुणे विभागात 'झिरो पेंडन्सी' मोहीम राबविली गेली. दोहोंची दिशा तीच आहे. परंतु मुदतीचा केवळ धाक राहिला आणि ढीग वेगळा करण्यासाठी लागणारा वेळ व मदत मिळाली नाही, तर मुदत हेच नवे ओझे ठरते.

स्वतः ठरविण्याची मुभा

ढीग हटला म्हणजे नवे आपोआप सुचते असे नाही. त्यासाठी आणखी एक गोष्ट लागते : आपले काम कसे करावे हे थोडे तरी स्वतः ठरविण्याची मुभा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांचे उदाहरण शिक्षक बंधुभगिनींना ठाऊक आहे. ज्ञानरचनावादी अध्यापनासाठी ते बीट गाजले. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, चित्रे अशा साध्या साधनांतून मुले शिकू लागली, आणि ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. जून २०१५ मध्ये शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा या शाळांची चर्चा सर्वत्र होती.

पुढे काय झाले हेही उद्बोधक आहे. काही शाळांनी तेथून विचार नेला, तर काहींनी नुसता रंग. जेथे 'अमुक तारखेपर्यंत फरशी रंगवून छायाचित्र पाठवावे' असा निरोप गेला, तेथे फरश्या रंगल्या आणि शिक्षक अधिकच थकले. एकाने उत्साहाने शोधलेली गोष्ट दुसऱ्याला आदेश म्हणून मिळाली की ती त्याच्या कामाच्या यादीत एका ओळीने भर घालते, इतकेच. म्हणून विस्तार अधिकाऱ्याने व मुख्याध्यापकाने साध्य ठरवून द्यावे आणि वाट शिक्षकावर सोपवावी. एखादी वाट चुकली तर ती चुकू द्यावी. पहिल्या चुकीला 'खुलासा सादर करावा' असे पत्र गेले, तर दुसरा प्रयोग होत नाही, आणि त्या एका पत्राची वार्ता साऱ्या केंद्रभर पसरते.

रात्रीचा निरोप

विश्रांतीविषयी थोडेसे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. परंतु त्याच सुमारास भ्रमणध्वनीवरील गट घराघरांत पोहोचले होते, आणि शनिवारी सकाळी 'आजच्या आज माहिती पाठवावी' असा निरोप येऊ लागला, तर सुट्टी कागदावरच उरते. यात खेदाची गोष्ट अशी की मागितलेली माहिती पुष्कळदा आधीच दिलेली असते. ती मागणाऱ्या कार्यालयाने जपलेली नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे लावू नयेत असे म्हटले आहे. तक्ते भरण्यात जाणाऱ्या दुपारचा विचार त्यात कोठे बसतो, हे ज्याचे त्याने पाहावे. नवा तक्ता पाठविण्यापूर्वी जुना उघडून पाहणे, माहितीसाठी आठवड्याचा एक दिवस नेमणे, आणि खरोखरीच्या आपत्तीखेरीज रात्री निरोप न धाडणे, याला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. रजेचेही तसेच. रजा मागणाऱ्याकडे संशयाने पाहणारा अधिकारी स्वतःही रजा घेत नाही, आणि त्याच्या हाताखालचे लोक ती घेण्यास धजत नाहीत.

पंचायत सदस्यांचा वाटा यात लहान नाही. गावपातळीवरील कर्मचारी, अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका यांना वरून विभागाचे आदेश आणि खालून गावाचा रोष, असे दोन्हीकडून सोसावे लागते. मासिक सभेत 'काम का झाले नाही?' हा प्रश्न हमखास येतो. तो लोकप्रतिनिधींचा अधिकारच आहे. त्याच्याजोडीला 'ते कोठे अडले आहे?' असेही विचारले जावे. पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेत याला पहिल्या क्रमांकावर दहा मिनिटे द्यावीत. कर्मचाऱ्याने आपला प्रतीक्षाधीन गठ्ठा सभेत आणावा, कोणते प्रकरण कोणत्या कार्यालयात किती दिवस पडून आहे ते वाचून दाखवावे, आणि त्यांपैकी दोन प्रकरणांचा पाठपुरावा सदस्यांनी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन स्वतः करावा. निराधार अनुदानाचे अर्ज त्यात असतील, तर प्रारंभ त्यांच्यापासून करावा.