घराण्याचा शोध कोठून घ्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहासावर बोलावयास मी उभी राहिले याचे कुणाला हसू आले तरी मी रागावणार नाही. घराण्याचा इतिहास शोधावयास पदवी लागत नाही. चिकाटी लागते, अर्जावर लावायचे तिकीट लागते आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसायला एखादी मोकळी दुपार लागते.

आपल्याकडे जुना कागद काढायला माणूस कचेरीत जातो तो बहुधा जातीच्या दाखल्यासाठी. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून पणजोबांपर्यंतच्या नकला पुष्कळ घरांत आहेत. त्या पेटीतून काढून पुन्हा वाचा. त्यांत घरातल्या बायका किती सापडतात ते पाहा.

मी शोधीत होते माझ्या सासऱ्यांच्या आजीला. सारे घर त्यांना 'वलगाववाली' म्हणे. सुनेला माहेरच्या गावावरून ओळखायची आपली रीतच आहे. पण त्यांचे नाव सासऱ्यांनाही सांगता येईना.

तहसिलीत जुनी कोतवाल बुके असतात. त्यांत जन्माची तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढे मिळते. नोंद बारशाच्या आधीच होई, म्हणून बाळाचे नाव बहुधा नसतेच. मुलगा पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात येतो, सातबाऱ्यावर येतो. त्या काळची मुलगी मात्र नुसती 'मुलगी' राहते. शिवाय वलगावचे बुक धुंडाळायचे तर बापाचे नाव हवे, आणि तेच तर ठाऊक नव्हते!

नाव सापडले जमिनीच्या फेरफारात. सासऱ्यांचे आजोबा वारल्यावर वारसांची नोंद झाली. तिथे तीन मुलांच्या खाली या बाईंचे नाव, आणि पुढे शब्द 'बेवा'. बेवा म्हणजे विधवा. जन्मभर त्या वावरात राबलेल्या बाईचे नाव कागदावर आले ते कुंकू पुसल्यावर. नक्कल हाती धरून मी कचेरीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. पुढे तेच नाव आम्ही पुतण्याच्या मुलीला ठेवले.

असे फारसी-उर्दू शब्द आपल्या कागदांत पुष्कळ भेटतील. वऱ्हाड निजामाचे होते. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये आपल्याला मध्यप्रांताला जोडले आणि १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो. धनी बदलत गेले तशी दप्तरेही पांगली. काही हैदराबादेस राहिली, काही नागपूरच्या पुराभिलेखागारात आहेत. पण नवख्या बाईने एवढ्या लांब धावू नये. अमरावती-अकोल्याचे जुने फेरफार आता शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर फी भरून मिळतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला कामाला लावा. गावाच्या माहितीसाठी जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, एक १९११ चे आणि दुसरे १९६८ चे.

माहेरचे घराणे कोणत्याच कचेरीत मिळाले नाही. ते होते आमच्या माळ्यावर, आहेराच्या जुन्या वहीत. सासऱ्यांच्या आत्याच्या लग्नात मामाकडून लुगडे एक, रोख रुपये पाच, आणि पुढे मामाचे आडनाव! अक्षर मोडी होते, मोडी शिकलेल्या एका मुलाने वाचून दिले. लग्नात मामाचा आहेर चुकत नाही, आणि मामा म्हणजे आईचे माहेर, हे आपणा बायकांना कुणी शिकवावे लागत नाही.

त्या आडनावाचे घर वलगावात अजून नांदते आहे. मी गेले तर नव्वदीच्या आजीने विचारले, "इतक्या सालानं आल्या व माय?" अन् माझी ओटी भरली.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे शासनाने आवश्यक केले आहे. चांगले झाले. पण आपल्या आज्या-पणज्यांचे काय? त्यांची नावे सांगणाऱ्या गावात आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्याकडे आधी जा, कचेरी कुठे पळून जात नाही. नाव, माहेर, भावांची नावे, लग्न कुठल्या दुष्काळात की पुरात झाले, सारे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मूळ कागद मात्र कुणाला उसना देऊ नका.

येत्या मंगळवारी दुपारी मी मंडळात कोरी वही घेऊन बसणार आहे. ज्यांच्या माळ्यावर आहेराच्या वह्या असतील त्यांनी आणाव्या. उंदरांनी कुरतडलेल्या असल्या तरी चालतील.